उडणाऱ्या माणसाचं माप

शिंप्यासमोर उभा राहिला की माणूस खोटं बोलतो. तोंडाने नव्हे, पोटाने. टेप कमरेभोवती आली की श्वास आत ओढला जातो, छाती पुढे येते आणि पन्नाशीचा गृहस्थ दहा सेकंदांपुरता पंचविशीचा होतो. तो आकडा लिहून घेणारा शिंपी नवशिका समजावा. मी टेप सैल धरतो आणि विचारतो, "मुलगी कितवीत गेली?" गिऱ्हाईक मुलीचं कौतुक सांगायला लागतं, बोलता बोलता श्वास सुटतो, पोट आपल्या जागी येतं. तोवर मी टेप आवळून आकडा वाचलेला असतो.

तीस वर्षं झाली, कुवेतमधल्या सालमियाच्या एका मागच्या गल्लीत मी दिश्दाशा शिवतो. दिश्दाशा म्हणजे कुवेती पुरुषांचा गळ्यापासून घोट्यापर्यंतचा झगा. उन्हाळ्यात पांढरा, थंडीत राखाडी नाहीतर तपकिरी. बाहेरच्याला सगळे सारखेच वाटतात. आम्हाला विचाराल तर प्रत्येक खांद्याचा उतार वेगळा. एखाद्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली असतो आणि हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं, मला असतं.

माझे उस्ताद राजापूरकडचे होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, "युसूफ, कमरेला टेपखाली दोन बोटं घालूनच आकडा वाचायचा. मानूस माप देतो उपाशीपोटी, नि कपडा घालतो जेवल्यावर." ती दोन बोटं माझ्या हाताला अशी चिकटली की पुढे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

दस्मानला राहणारे एक वयस्क गृहस्थ दर हिवाळ्यात येत. खिशात तरुणपणीच्या मापांची चिठ्ठी, घडीवर फाटत आलेली. "हीच मापं. माझ्यात काही फरक नाही." मी चिठ्ठी अदबीने घ्यायचो, डोळ्यांना लावल्यासारखी करायचो आणि त्यांच्या पोटाकडे एक नजर टाकून अंदाजाने कापायचो. दर वर्षी घेर थोडा वाढायचा. ते आरशासमोर उभे राहून म्हणत, "पाहिलंस? तसाच आहे मी." पंधरा वर्षं मी त्यांना ताकास तूर लागू दिली नाही. या धंद्यात मला ज्याचा अभिमान वाटतो त्यात हे खोटं बरंच वर आहे.

पण लिहायचं आहे ते यानेझबद्दल.

दुपारी एक ते चार आमचं दुकान बंद असतं. बाहेर ऊन इतकं की गल्लीतली मांजरंही गाड्यांखाली. आत एसी घरघरतो, मी आणि माझा जोडीदार हुसैन जेवून कटिंग टेबलाच्या दोन बाजूंना आडवे होतो. अशाच एका दुपारी काचेवर टकटक झाली. उंच, हडकुळा, पिंगट दाढीचा गोरा माणूस. हातात प्लॅस्टिकची मोठी पिशवी. हुसैन डोळे न उघडताच म्हणाला, "चारला ये म्हनावं." मी मात्र उठलो, कारण त्या माणसाने पिशवी अशी छातीशी धरली होती की आत काहीतरी झोपलेलं असावं.

पिशवीत एक सूट होता. निळा, गळ्यापासून पायापर्यंत एकसंध, कापड बोटभर नाही पण चांगलं जाड, आत स्पंजासारखा थर. सोबत त्याच जातीच्या कोऱ्या कापडाचा गुंडाळा.

"मी उडायचो," तो म्हणाला. "मला पुन्हा एकदा उडायचंय. एकदाच."

हुसैनने आता डोळे उघडले.

यानेझ स्लोव्हेनियाचा. पंचेचाळिशीचा. बायको इथल्या एका शाळेत शिकवते, घर बनेद अल-गारला, आणि हा एका मॉलमधल्या बंदिस्त बर्फाच्या हॉलमध्ये पोरांना घसरायला शिकवतो. बाहेर पन्नास अंश, आत उणे दोन. तरुणपणी तो स्की-जंपर होता आणि दोनदा आपल्या देशाचा विजेता. हे त्याने तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

हा खेळ मला त्याने खडूने टेबलावर काढून समजावला. डोंगराच्या उतारावर उंच मचाण बांधतात. तिथून पायाला माणसापेक्षा लांब पट्ट्या बांधून बर्फावरून खाली सुटायचं, गाडीच्या वेगाने. टोकाला उतार संपतो. तिथे नेमक्या क्षणी पाय झटकायचे आणि अंग पुढे झोकून द्यायचं, नाक जवळजवळ पट्ट्यांना टेकेल असं. मग खालून वारा उचलतो. हात मागे, पट्ट्या पुढे फाकलेल्या. शंभर मीटर, कधी त्याहून जास्त. उतरताना एक पाय पुढे, एक गुडघा वाकवून, हात पसरून. यानेझ म्हणाला, पाच वर्षांचा असताना बापाने गोठ्यामागे फावड्याने बर्फाचा ढीग रचून दिला, तिथून सुरुवात. हासळीचं हाड दोनदा मोडलं. उड्या हजारो मारल्या, पण सगळा हवेतला वेळ जोडला तर एक दिवससुद्धा भरत नाही.

"एका दिवसासाठी वीस वर्षं?" मी विचारलं.

"तो एक दिवस पाहशील तर तूही देशील," तो म्हणाला. आणि खिडकीबाहेरच्या धुळीच्या आभाळाकडे असा बघत बसला की मलाही क्षणभर तिथे काहीतरी तरंगताना दिसलं.

माझा बाप रत्नागिरीजवळच्या खाडीवर गलबतांची शिडं शिवायचा. मी मोठा होईपर्यंत इंजिनं आली आणि शिडं गेली. मी पहिला सदरा शिवला तो इतका ढगळ झाला की बाप हसून म्हणाला होता, "पोरा, वारा शिडात धरतात, सदऱ्यात नाय." यानेझचा सूट हातात घेतला तेव्हा इतक्या वर्षांनी मला कळलं की असाही सदरा असतो ज्यात वारा धरतात. म्हणूनच या खेळात सूटाचं माप कडक. जरा सैल असला तरी वारा जास्त धरतो, उडी लांब जाते, म्हणून उडी झाल्यावर खाली पंच टेप घेऊन उभे असतात. ठरलेल्यापेक्षा सैल निघाला की खेळाडू बाद.

हे सांगताना त्याचा आवाज बदलला. एकोणीस वर्षांपूर्वी तो असाच बाद झाला होता, याच निळ्या सूटात. त्या दिवशी सगळ्यांत लांब उडी त्याची होती. खाली येऊन तो हात वर करून उभा होता, लोक ओरडत होते, आणि पंचाने कमरेला टेप लावली. तीन सेंटीमीटर जास्त. नाव खोडलं गेलं.

"सूट कोणी शिवला होता?" मी विचारलं.

"आईने."

त्याची आई गावात शिवणकाम करायची. गावच्या सगळ्या उडणाऱ्यांचे सूट तिच्याच हातचे. कधी कुणाचं माप चुकलं नव्हतं. मुलाचंच चुकलं. यानेझ सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला, "तुला साधी कंबर मोजता येत नाही?" ती घरी गेली आणि मशीनवर चादर टाकली. त्यानंतर तिने शिवलं नाही आणि हा उडला नाही. फोनवर बोलतात अजून. हवामानावर.

आता ती ऐंशीला आली होती, नजर कमी होत चालली होती. गावात दर हिवाळ्यात वय झालेल्या जुन्या खेळाडूंची एक छोटी स्पर्धा होते. तिथेही माप घेतात. यानेझला आईचे डोळे पुरते जाण्याआधी तिच्यासमोर एकदा उडायचं होतं, आणि माप बिनचूक असलेल्या सूटात उडायचं होतं. "एक मिलिमीटरसुद्धा नको, उस्ताद," त्याने मला बजावलं. "यावेळी कोणाची चूक नको."

मी हो म्हटलं. तीस वर्षांत माझा एकही कपडा परत आला नव्हता. गर्व होता, नाही कशाला म्हणू.

माप घेण्याची रीत त्यानेच बदलायला लावली. उभ्याने घेतलेलं माप पंचांसाठी, पण सूट जगतो हवेत. म्हणून तो टेबलावर पोटावर आडवा झाला, छाती आणि मांड्या टेबलाबाहेर निघतील असा, हुसैनने खाली दोन स्टुलं धरली. हात अंगालगत मागे, हनुवटी पुढे. डोळे मिटले आणि तो पार निघून गेला. एसीची घरघर, भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या दिश्दाशा वाऱ्याने हलणाऱ्या, आणि मध्ये हा माणूस तरंगणारा. मी टेप घेऊन त्याच्याभोवती फिरत होतो आणि पाय जमिनीला लागताहेत की नाही याची मला खात्री नव्हती. हुसैन स्टुलं धरूनच कुजबुजला, "ह्याला आता खाली कसा उतरवायचा रं?"

ते जाड कापड आमच्या मशीनला पेलेना. हिवाळ्यात कुवेती लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात. ते तंबू शिवणारा एक सिंधी ओळखीचा होता, त्याच्या मशीनवर जाऊन मी सूट शिवला. सहा आठवडे लागले. यानेझ रोज दुपारी येऊन बसायचा. आम्ही जेवायचो, कधी सुरमईचं कालवण आणि भात, कधी हुसैनच्या हातची भाकरी. तो समोर काळी कॉफी घेऊन बसायचा. उडणाऱ्याला वजन म्हणजे वैरी, म्हणायचा. दिवसभरात दोन काकड्या आणि एक अंडं. आम्ही ताट पुढे केलं की हाताने नको म्हणायचा आणि नजर मात्र कालवणावरून हलायची नाही. गालफडं बसत चालली होती. मला घास गिळवत नसे. पाहुणा उपाशी आणि आपण जेवतोय, आमच्याकडे याला पाप म्हणतात.

सूट तयार झाला. सकाळी हॉल उघडण्याआधी त्याने मला तिथे बोलावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला तो असा, छपराखाली, भाड्याच्या कोटात. निळसर उजेड, इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. यानेझ सूट घालून आला. तो चालत नव्हता, जरा वर उचलल्यासारखा येत होता. खांदे, मुंढे, पाठ, सगळं अंगाबरोबर. मला वाटलं, बाप असता तर त्याला दाखवलं असतं.

मग त्याने खिशातून टेप काढली. छाती मोजली, मान हलवली. मांडी मोजली, मान हलवली. कंबर मोजली आणि थांबला. पुन्हा मोजली. आणि तिथेच बर्फात मटकन खाली बसला.

"तीन सेंटीमीटर," तो म्हणाला. "तूसुद्धा?"

मी वहीतलं पान काढलं. आकडा बरोबर लिहिलेला होता. कापडावर खडूची खूणही बरोबर पडली होती. मशीनवर मात्र हात खुणेच्या बाहेरून गेला होता, दोन्ही बाजूंना सारखाच, सरळ, एकही टाका वाकडा नाही. नवशिक्याची चूक अशी नसते. माझ्या हाताने मला न विचारता हे केलं होतं.

"का?" त्याने विचारलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

जे होतं ते मी सांगितलं. "तू जेवत नव्हतास. मी रोज बघत होतो. उद्या हा माणूस जेवेल तेव्हा त्याला हे घट्ट होईल, एवढंच हाताला कळलं. दोन बोटं जागा ठेवली."

तो माझ्याकडे बघत राहिला. बर्फात बसलेला, त्या सुंदर सूटात, आणि डोळे हळूहळू कुठेतरी लांब गेले.

"उस्ताद," तो म्हणाला, "त्या वर्षीही मी जेवत नव्हतो."

आम्ही दोघं तडक दुकानात आलो. जुना निळा सूट अजून पिशवीत होता. मी तो उलटा केला आणि कमरेचा जोड दिव्याखाली धरला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. शिंपी असून मी फक्त बाहेरून बघितलं, ही माझी दुसरी चूक. जाड कापडात सुईची भोकं बुजत नाहीत. जोडाच्या आत, आताच्या शिवणीपासून दोन बोटांवर, भोकांची एक दुसरी ओळ होती. बारीक, सरळ, रिकामी.

"हे बघ," मी म्हटलं. "ही तिची पहिली शिवण. टेप लाव." त्याने लावली. माप बिनचूक होतं. "तिला मोजता येत होतं. तिने बरोबर शिवलं होतं. मग उसवलं आणि सैल करून पुन्हा शिवलं. हात तोच आहे, टाका बघ."

यानेझ टेबलाला धरून उभा होता. मग तुटक तुटक बोलायला लागला. त्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तो स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडला होता. आईने सूप पुढे ठेवलं, त्याने वाटी सरकवून दिली. तिने फक्त विचारलं, "स्पर्धा झाल्यावर तरी जेवशील ना?" तो हो म्हणाला होता. हे सगळं तो विसरून गेला होता. एकोणीस वर्षं त्याला फक्त पंचाची टेप आठवत होती.

"तिने सांगितलं का नाही मला?" तो म्हणाला. "मी एवढं ओरडलो, तरी?"

हुसैन कोपऱ्यात काज करत होता. वर न बघता म्हणाला, "काय सांगनार ती? पोराच्या कंबरंला भाकरीची जागा ठेवली म्हनून? ती काय लोकांत सांगायची गोष्ट हाय?"

मी ते यानेझला शब्दाशब्दाने समजावलं. तो रडला. मोठ्या माणसाला रडताना बघवत नाही, पण दुकान आमचं होतं, जाणार कुठे? हुसैनने ताट वाढलं. त्या दिवशी तो जेवला. भात पुन्हा मागून घेतला.

संध्याकाळपर्यंत मी नव्या सूटाची कंबर उसवली. पुन्हा शिवायला सुई ओवली तर त्याने माझा हात धरला. "कंबर शिवू नकोस. कच्चे टाके घाल फक्त. बाकीचं तिच्याकडून करून घेईन." अर्धवट कपडा दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा माझा नियम. तीस वर्षांत तो एकदाच मोडला, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

हिवाळ्यात त्याने दोन व्हिडिओ पाठवले. एकात पांढरा डोंगर, पांढरं आभाळ, त्यात एक काळा ठिपका सुटतो, उचलला जातो आणि कितीतरी वेळ खालीच येत नाही. शेवटी येतो, एक गुडघा वाकवून, हात पसरून. खाली लिहिलं होतं: अकरा जणांत नववा. माप बरोबर.

दुसरा मी जास्त वेळा पाहतो. लाकडी स्वयंपाकघर, खिडकीबाहेर बर्फ. जाड चष्म्याची एक म्हातारी, पाठीमागे तिचं मशीन, चादर काढलेलं. यानेझ नवा सूट घालून उभा. ती चाचपडत टेप त्याच्या कमरेभोवती घेते. हा गडी, पंचेचाळीस वर्षांचा, श्वास आत ओढतो. म्हातारी टेप सैलच ठेवते आणि त्याला काहीतरी विचारते. भाषा मला कळत नाही. तो सांगायला लागतो, हातवारे करतो, हसतो. आणि बोलता बोलता ती टेप आवळते आणि चष्म्याजवळ नेऊन आकडा वाचते.

तो व्हिडिओ पाहिला त्या शुक्रवारी मी रत्नागिरीला शबनमला फोन केला. माझी मुलगी. मी इथे आलो तेव्हा दोन वर्षांची होती. तिचे सगळे कपडे मी इथून शिवून पाठवले, अंदाजाने, आणि दर वेळी मोठे. फ्रॉक, शाळेचा ड्रेस, निकाहचा शरारासुद्धा. तिची आई पिना लावून सारखे करायची. हजारो माणसांच्या कमरा मी मोजल्या, स्वतःच्या पोरीची कधी नाही. हे मला बोचतं आणि बोचत राहील.

म्हटलं, "ईदला तुझ्यासाठी कमीज शिवतोय. माप हवंय."

ती म्हणाली, "लिहून घ्या अब्बा, छाती छत्तीस—"

"थांब," मी म्हटलं. "आकडे नको. टेप घेऊन मीच येतो. या महिन्यातच."

ती म्हणाली, "या. पण माप जेवल्यावर घ्या."